तगादा

वरखेडीच्या बैलबाजारात आबा तोंडाने कमी आणि बोटांनी जास्त बोलायचे. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. भाकरीचं फडकं सांभाळायला म्हणून मला सोबत न्यायचे. समोरचा माणूस आणि आबा एकमेकांचा हात धरत, त्यावर रुमाल टाकला जाई आणि रुमालाखाली भाव चाले. वरून दिसायचे फक्त दोन चेहरे. एक नाखूश, दुसरा त्याहून नाखूश. मग एकदम रुमाल उचलला जाई, इसार म्हणून दहाच्या दोन-चार नोटा हातावर पडत आणि बाकीची रक्कम पुढच्या अमुक वाराला, असं ठरे. कागद नाही, सही नाही.

एकदा इसार घेतल्यावर दुसरा एक जण आला. त्याच गोऱ्ह्याचे दोनशे रुपये जास्त देतो म्हणाला. तेव्हाचे दोनशे म्हणजे आमच्या घरचा दोन महिन्यांचा किराणा. मी आबांच्या तोंडाकडे बघत राहिले. आबा म्हणाले, "शबद देल शे, आते मांगे फिरानं नई." एवढंच. तो माणूस गेला, आम्ही भाकरी खाल्ली.

पण आबांचा भाबडेपणाही नव्हता. ठरलेल्या वाराला पैसे आले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडून ते त्या माणसाच्या गावी जात. भांडायला नाही. त्याच्या ओट्यावर जाऊन बसत, चहा घेत, पीकपाण्याचं बोलत आणि उठताना विचारत, की मग कधी? परत आठ दिवसांनी तसंच. याला आमच्याकडे तगादा म्हणतात. शब्दावर विश्वास आणि शब्दामागे तगादा, दोन्ही एकाच माणसाजवळ असायचं. शब्द टिकायचा तो या दोन्हींमुळे. रक्कम ठरलेली, तारीख ठरलेली, आणि घेणारा कोण तेही ठरलेलं. यातलं एकही निसटलं की तो शब्द आभाळात गेला.

हे सगळं अलीकडे फार आठवतं. कारण वयाच्या साठीत मला एक गोष्ट कळून चुकली आहे आणि ती मनातून जात नाही. सरकारांनी आम्हाला दिलेली दोन प्रकारची वचनं असतात. एक पैशांची. २०२४ च्या विधानसभेच्या वेळी लाडक्या बहिणींना पंधराशेचे एकवीसशे करू म्हणून सांगितलं होतं, कर्जमाफी करू म्हणून सांगितलं होतं. ही वचनं लोक विसरलेले नाहीत. आमच्या गल्लीत भाजीवाल्याच्या गाडीपाशी बायका रोज विचारतात, एकवीसशे कधी? शेतकरी रस्त्यावर उतरतात. वचनाला आकडा आहे, म्हणून तगादाही आहे.

दुसरं वचन असतं नीतीचं. स्वच्छ कारभार. पारदर्शक कारभार. खाणार नाही, खाऊ देणार नाही. भ्रष्ट माणसाला पक्षात थारा नाही. हे वचन मी ज्या निवडणुकीत ऐकलं नाही अशी एकही निवडणूक माझ्या आयुष्यात झालेली नाही, रिक्षावरच्या भोंग्यापासून थेट मोठ्या सभेपर्यंत. आणि ते मोडलं म्हणून कोणाच्या दारात कोणी जाऊन बसल्याचंही मी पाहिलेलं नाही. त्याला रक्कम नसते, तारीख नसते. ते कोणाला दिलं तेही कळत नाही. 'जनतेला' म्हणतात. जनता सकाळची एसटी पकडून कुठे जाणार?

तसं हे वचन आकड्यात देता येत नाही असं नाही. देता येतं, आणि दिलं गेलेलं आहे. १९३१ साली कराचीच्या काँग्रेस अधिवेशनात ठराव झाला, की स्वराज्यात कोणाही सरकारी अधिकाऱ्याला साधारणपणे महिना ५०० रुपयांहून जास्त पगार असू नये. पुढे डिसेंबर १९३६ मध्ये आमच्या खान्देशात, फैजपूरला, काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. चित्रकार नंदलाल बोसांनी बांबू आणि गावातल्याच वस्तूंतून त्याची कमान आणि मंडप सजवले. साने गुरुजी त्याच्या प्रचारासाठी खेडोपाडी हिंडले. त्याच्या दुसऱ्याच वर्षी प्रांतांमध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळं आली आणि मंत्र्यांनी खरोखरच महिना ५०० रुपये पगार घेतला. घर-गाडीचा भत्ता वेगळा होता, तेही सांगायला हवं. पण आकडा होता. कोणीही विचारू शकत होतं, पाचशेचे सहाशे झाले का? आम्ही शाळेत मुलांना फैजपूर शिकवताना मंडप शिकवतो, नेहरूंची मिरवणूक शिकवतो. हे पाचशे रुपये शिकवत नाही. मी स्वतः तीस वर्षांत एकदाही शिकवले नाहीत.

स्वातंत्र्यानंतर आकडे गेले आणि शब्द वाढत गेले. १९६४ साली मंत्र्यांसाठी आचारसंहिता झाली. मंत्री होताना आपली आणि कुटुंबाची मालमत्ता, देणी, धंद्यातला हिस्सा कळवायचा, धंद्याच्या कारभारातून बाजूला व्हायचं, असं तीत चांगलं स्वच्छ लिहिलेलं आहे. पण कळवायचं कोणाला? केंद्रातल्या मंत्र्याने पंतप्रधानांना, राज्यातल्याने मुख्यमंत्र्यांना. म्हणजे घेणेकरी घरातलाच. तो ओट्यावर येऊन बसणार कधी आणि विचारणार काय? आणि ही संहिता मोडली तर शिक्षा करणारा कायदाही तिच्यामागे नाही.

मंत्र्या-अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या लोकायुक्ताचंही तेच. प्रत्यक्षात लोकायुक्त नेमणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, कायदा १९७१ चा. केवढी अभिमानाची गोष्ट. पण त्या कायद्याने लोकायुक्ताला दिलं काय, तर शिफारस करण्याचा अधिकार. मुख्यमंत्र्यालाही कक्षेत घेणारं नवं विधेयक आलं ते विधानसभेत डिसेंबर २०२२ मध्ये, आणि विधान परिषदेत मंजूर व्हायला डिसेंबर २०२३ उजाडला. एका विधेयकाला एका सभागृहातून शेजारच्या सभागृहात जायला एक वर्ष. दिल्लीचा लोकपाल पाहा. २०११ साली अण्णा हजारे उपोषणाला बसले तेव्हा आमच्या शाळेतल्या मुलांनी टोप्या घालून फेरी काढली होती, मीही त्यांच्याबरोबर चालले होते, डोळ्यांत पाणी होतं माझ्या. कायदा जानेवारी २०१४ मध्ये लागू झाला. पहिला लोकपाल नेमला गेला मार्च २०१९ मध्ये. त्या फेरीतली सहावीची मुलं तोवर पदवीच्या वर्गात पोहोचली होती.

माझं सासर अमळनेरचं. इथून उत्तरेला गेलं की तापीवर पाडळशाचं धरण लागतं. धरण म्हणायची सवय, खरं तर ते अजून पूर्ण झालेलं नाही. नव्वदच्या दशकापासून नदीच्या पात्रात काँक्रीटचे खांब उभे आहेत. माझा धाकटा मुलगा लहान होता तेव्हा आम्ही रविवारी तिथे डबा घेऊन गेलो होतो. त्याने विचारलं, याला दारं कधी लावणार? आता त्याचा मुलगा शाळेत जातो. दर निवडणुकीला प्रत्येक उमेदवाराच्या भाषणात पाडळसे असतंच.

म्हणून सिंचनाचा घोटाळा हा आमच्यासाठी पेपरातला विषय कधीच नव्हता. ऑक्टोबर २०१३ मध्ये तेव्हाच्या विरोधी पक्षाच्या नेत्यांनी सिंचनातल्या गैरव्यवहाराचे चौदा हजार पानांचे पुरावे बैलगाडीत घालून औरंगाबादला, त्याची चौकशी करणाऱ्या चितळे समितीकडे नेले होते. मी टीव्हीवर ती बैलगाडी पाहिली. बैल पाहून आबांची आठवण झाली, ते त्याआधी दोन वर्षांपूर्वी गेले. मला फार बरं वाटलं होतं. वाटलं, आता कोणीतरी आमच्या वतीने तगाद्याला निघालं. एवढा कागद घेऊन निघालेला माणूस रिकाम्या हाताने परतणार नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, तरी तारखा लिहून ठेवते, कारण तारखाच विसरल्या जातात. २७ जून २०२३ ला पंतप्रधानांनी भोपाळच्या सभेत राष्ट्रवादी काँग्रेसवर सुमारे ७० हजार कोटींच्या घोटाळ्यांचे आरोप असल्याचं सांगितलं, सिंचनाचं नावही घेतलं. २ जुलै २०२३ ला त्याच पक्षाच्या नऊ जणांनी पंतप्रधानांच्या, म्हणजे बैलगाडी नेणाऱ्यांच्याच पक्षाबरोबर सरकारात येऊन मंत्रिपदाची शपथ घेतली. मधे पाच दिवस. त्या नऊ जणांत आमच्या अमळनेरचे आमदारही होते. कोणी दोषी, कोणी निर्दोष हे मी ठरवत नाही, ते न्यायालयाचं काम. माझा प्रश्न साधा आहे. आरोप खरे होते, तर ते सोबत कसे? खोटे होते, तर बैलगाडी कशासाठी जुंपली होती? दोन्हींपैकी एक उत्तर आम्हाला मिळायला हवं होतं. कोणी दिलं नाही, आणि आम्ही कोणी विचारलंही नाही. त्या आठवड्यात आमच्याकडे चर्चा एकच होती, की आता आपल्या तालुक्याला मंत्रिपद मिळालं म्हणजे पाडळशाचं काम मार्गी लागेल. मीही त्या चर्चेत होते. मलाही तसं वाटलं होतं.

हे एकाच पक्षाचं दुखणं असतं तर लिहायला सोपं गेलं असतं. २०१९ मध्ये दोन पक्षांनी एकत्र मतं मागितली आणि निकालानंतर त्यातला एक ज्यांच्याविरुद्ध मतं मागितली त्यांच्याबरोबर सत्तेत बसला. २०२२ मध्ये त्याच पक्षातून आमदार निघाले, सुरतला गेले, गुवाहाटीला गेले. विधानभवनाच्या पायऱ्यांवर 'पन्नास खोके'च्या घोषणा झाल्या, आणि त्या घोषणा देणाऱ्यांतलेही काही पुढच्याच वर्षी खोक्यांच्या बाजूला जाऊन बसले. पक्षांतराविरुद्धचा कायदा १९८५ चा. एक तृतीयांश फुटले तर चालेल ही त्यातली वाट २००३ मध्ये बंद केली. कायद्याचा हेतू अगदी स्वच्छ, की ज्या चिन्हावर निवडून आलात त्याच्याशी राहा. आणि १० जानेवारी २०२४ ला विधानसभाध्यक्षांचा निकाल आला तेव्हा दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. एक पक्ष दुभंगला, सरकार पडलं, नवं आलं, आणि कायद्याच्या लेखी कोणीच काही केलेलं नाही. मी दहावीला नागरिकशास्त्र शिकवायचे. पक्षांतरबंदीचा कायदा समजावून सांगताना आता माझी जीभ अडखळली असती. निवृत्त झाले ते बरं झालं, असं त्या दिवशी वाटलं आणि त्या वाटण्याचीच लाज वाटली.

निवडणूक रोख्यांचंही इथेच सांगते. राजकीय देणग्यांत पारदर्शकता आणायची म्हणून ते आणले, असं सांगण्यात आलं. पावती मिळायची, पण कोणी कोणाला दिले ते लोकांना कळायचं नाही. जवळपास सगळ्या मोठ्या पक्षांनी ते घेतले. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. पावतीवरून मला माझी गोष्ट सांगावी लागणार आहे. ती टाळून हा लेख पुढे जाणार नाही.

१९८९ साल. माझं बी.एड. झालं होतं. एका संस्थेच्या शाळेत जागा होती, मुलाखत चांगली झाली. दुसऱ्या दिवशी संस्थेचा कारकून घरी आला. इमारत निधी म्हणून अठरा हजार द्यावे लागतील म्हणाला. आबांनी पगडी काढून मांडीवर ठेवली. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "पावती भेटी का?" कारकून हसला. आबा, याची पावती नसते, म्हणाला. तो गेल्यावर आबा कितीतरी वेळ एकच बोलत होते, "पावती नई, मंग हाई देनं कसानं?"

पण दिले. बैलजोडी विकली. मायच्या गळ्यातली पोत मोडली, उरलेले मामांनी दिले. त्या वर्षी आबांनी पेरणी भाड्याच्या बैलांनी केली. माझी नोकरी लागली, घर वर आलं, भावांची शिक्षणं झाली, हे सगळं खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण ज्यांनी दोनशे रुपयांसाठी शब्द फिरवला नव्हता त्या माणसाने माझ्यासाठी बिनपावतीचा व्यवहार केला. नंतर ते बैलबाजारात पूर्वीसारखे बोलले नाहीत, असं माय म्हणायची. मला ते खरं वाटतं.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी, २४ डिसेंबरला, साने गुरुजींची जयंती झाली. संस्थेचे अध्यक्ष आले होते. मोठं राजकीय नाव, नाव लिहीत नाही. त्यांनी पाऊण तास गुरुजींवर भाषण केलं. गुरुजी आमच्या अमळनेरला सहा वर्षं शिक्षक होते, वसतिगृहातल्या मुलांचे कपडे धुवायचे, १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. सगळं बरोबर सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी म्हणाले, आजच्या शिक्षकांत ती नीतिमत्ता राहिली नाही. मी नव्या शिक्षकांच्या रांगेत बसले होते. आम्ही पाच जण नवे होतो. आम्ही कोणी एकमेकांकडे पाहिलं नाही. पाचही जणांच्या घरून काय काय विकलं गेलं होतं, ते आम्हाला न सांगता कळत होतं.

मी तीस वर्षं परिपाठाला प्रामाणिकपणा शिकवला. मनापासून शिकवला, वरवर नाही. पण ती अठरा हजारांची गोष्ट कोणाला सांगितली नाही. आता वाटतं, नीतीच्या वचनाला तगादा का लागत नाही, याचं अर्धं उत्तर त्या रांगेत आहे. अध्यक्षांना उठून विचारायला त्या सभागृहात आमच्याहून मोठा हक्क कोणाचा नव्हता, आणि गप्प बसायला कारणही आमच्याहून मोठं कोणाचं नव्हतं. ज्याच्या व्यवहाराची पावती नाही, तो कोणाला पावती मागणार?

आणि हे असं एकेका घराचं करत करत सगळ्या गावांचं होतं. जानेवारी २०२१ मध्ये नंदुरबार तालुक्यातल्या खोंडामळीच्या ग्रामपंचायतीची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने रद्द केली, नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्याचीही केली. कारण सरपंचपदाचा जाहीर लिलाव झाला होता. खोंडामळीत बोली ४२ लाखांपर्यंत गेली. पैसे देवळाच्या कामासाठी होते, खिशात घालायला नव्हते, असं तेव्हा अनेक जण म्हणाले. माझ्या ओळखीतली चांगली शिकलेली माणसंसुद्धा म्हणाली, की त्यात वाईट काय, निवडणुकीत एवढेच पैसे उधळले जातात, त्यापेक्षा देवाला लागले. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. गावातल्या ज्या बाईकडे ४२ लाख काय, ४२ हजारही नाहीत, तिचा सरपंच होण्याचा हक्क त्या बोलीत विकला गेला. तो विकायचा अधिकार देवालाही नाही. आयोगाने निवडणूक रद्द केली ते अगदी योग्य केलं. फक्त एवढंच वाटतं, की खेड्यातल्या लिलावाला ज्या तत्परतेने जाब विचारला गेला, तेवढ्या तत्परतेने वरच्या व्यवहारांनाही विचारला गेला असता, तर ती शिकलेली माणसं माझ्याशी असं बोलली नसती.

सगळ्यात मोठं नुकसान मला तेच वाटतं. गेलेला पैसा मोजता येतो. 'सगळेच तसे' हे वाक्य ज्या घरात रुजलं, तिथलं मोजता येत नाही. माझ्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईने मागच्या निवडणुकीत दोघांकडून पाकीट घेतलं आणि मला मोकळेपणाने सांगितलं, "मॅडम, ते पाच वर्षं खातात, आपलं एक दिवसाचं." तिला मी काय सांगणार होते?

तगादा लागू शकतो, हेही आमच्याच मातीत घडलेलं आहे. जळगावच्या नगरपालिकेने नव्वदच्या दशकात गरिबांसाठी घरकुलांची योजना काढली, अकरा हजारांवर घरं बांधायची होती. उभी राहिली दीड हजारांच्या आसपास. २००६ साली तेव्हाचे महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी पोलिसात फिर्याद दिली. एका अधिकाऱ्याने एका कागदावर सही केली, तारीख टाकली. त्या फिर्यादीची वाट केवढी लांब होती. धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ ला दोन माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरवून शिक्षा सुनावल्या. तेरा वर्षं. पुढे अपील झालं, जामीन झाले, ते होतच असतं. तरी त्या दिवशी धुळ्याची बातमी वाचताना मी उभी राहिले होते, बसून वाचवेना. पण ज्यांना ती साडेनऊ हजारांवर घरं मिळायची होती, ती माणसं इतकी वर्षं कुठे राहिली असतील, हे निकालाच्या कोणत्याच बातमीत नव्हतं.

आता अलीकडचं सांगते. कितीतरी वर्षं प्रशासकाच्या हाती राहिल्यावर नगरपालिकांच्या निवडणुका लागल्या. एका दुपारी प्रचाराची बायकांची रांग दारात आली. मधे गळ्यात उपरणं घातलेली माझीच एक विद्यार्थिनी. नाव सांगत नाही. हुशार मुलगी, निबंधात नेहमी पहिली. पाया पडली. म्हणाली, मॅडम, आशीर्वाद द्या, स्वच्छ कारभार करणार आहे.

मी तिला म्हटलं, आशीर्वाद आहेच, पण मला लिहून देशील का? तीन ओळी. पाच वर्षांत तुझ्या घरातल्या, नात्यातल्या कोणालाही नगरपालिकेचा ठेका मिळणार नाही. दर वर्षी ३१ मार्चला तू स्वतःची आणि घरच्यांची मालमत्ता वॉर्डातल्या फळ्यावर लावशील. ज्या पक्षाच्या नावावर मतं घेते आहेस तो सोडलास, तर आधी राजीनामा देशील. यातल्या पहिल्या गोष्टीचा गाभा तर कायद्यातच आहे, पालिकेच्या ठेक्यात हितसंबंध असलेला नगरसेवक अपात्र ठरतो. मी फक्त ती तुझ्या अक्षरात मागते आहे.

ती हसली नाही, हे मला आवडलं. बरोबरच्या बायका हसल्या. एक म्हणाली, मॅडम परीक्षा घेऊ राहिल्या. ती म्हणाली, संध्याकाळी येते.

आली. एकटीच, चपला बाहेर काढून. मी कागद आणि पेन पुढे ठेवलं. तिने पेन उचललं आणि खाली ठेवलं. मग विचारलं, "मॅडम, एक विचारू? राग येणार नाही ना? तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा किती दिले होते?"

छत्तीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. तिच्या आवाजात टोचणं नव्हतं. तिच्या नवऱ्याच्या नोकरीसाठी घरची दोन एकर बागाईत गेली होती, ते तिने नंतर सांगितलं. मी उत्तर दिलं. अठरा हजार. जून १९८९. बैलजोडी आणि मायची पोत. अध्यक्षांचं नाव सांगितलं, कारकुनाचंही सांगितलं. सांगताना आवाज फुटेल असं वाटलं होतं, नाही फुटला.

तिने पहिल्या दोन ओळी लिहिल्या. तिसरीपाशी थांबली. म्हणाली, ही माझ्या एकटीच्या हातात नाही, घरी दाखवावी लागेल. कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि दोन दिवसांत आणून देते म्हणाली.

ती निवडून आली आहे. मिरवणूक आमच्या गल्लीतून गेली, तिने गाडीवरून मला हात जोडले. कागद अजून आलेला नाही. परवा मी तिच्या घरी जाऊन आले. ती पालिकेत सभेला गेली होती, सासूने चहा केला. तिच्या ओट्यावर मी थोडा वेळ बसले. आम्ही कापसाच्या भावाचं बोललो, थंडीचं बोललो. निघताना निरोप ठेवला आहे. सोमवारी पुन्हा जाणार आहे.